आधी हमीसीबाबाचं घर

त्या आठवड्यात रायपूर असं तापलं होतं की दुपारी आमच्या गुढियारीच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, आणि मी घरातला कूलर बंद करून बसले होते. कूलरची घरघर मोठी. तिच्यात फोन वाजला तर ऐकू येणार नाही, ही भीती. फोन मांडीवर, आवाज पूर्ण वाढवलेला, तरी दर थोड्या वेळानं उचलून बघायचा आणि पुन्हा ठेवायचा. घामानं पदर भिजून जायचा, पण उठून पाणी प्यायचं सुचत नव्हतं. मी जन्मापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलेली बाई. शाळेत मास्तरीण असताना मुलांना प्रार्थना शिकवल्या, आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केल्या, लोक बोलावून न्यायचे. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा तोंडातून 'देवा' एवढंही धड निघेना. डोळे मिटले की प्रभू दिसायचा नाही, जळणारी घरं दिसायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी त्या दिवसांत पुरतं अनुभवलं.

करुणा माझी एकुलती एक मुलगी. तिचे बाबा रेल्वेत होते, ते गेल्यावर आम्ही दोघीच. नर्सिंग शिकली, इथल्याच एका दवाखान्यात चांगली नोकरी लागली, आणि एके दिवशी म्हणाली की मले आफ्रिकेत जायचं आहे. पूर्व किनाऱ्यावर एक लहानसं गाव आहे, तिथल्या ख्रिस्ती मंडळीनं बाळंतपणाचा दवाखाना चालवला आहे, त्यांना नर्स हवी होती. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आमची माणसं अजून तिथं आहेत. गाव जवळजवळ सगळं मुसलमान कोळ्यांचं, ख्रिस्ती घरं थोडकी. मी अडवलं नाही. देवाच्या कामाला जाणाऱ्या मुलीला अडवायचं कसं? पण विमानतळावरून परत येताना रिक्षात मी मनातल्या मनात देवाला बजावलं होतं की हे बघ, ही तुझ्या भरवशावर पाठवते आहे. देवाला दम देण्याची माझी सवय जुनी आहे.

मग एका सकाळी तिचा आवाज फोनवर आला. बोलणं नव्हे, रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप. "आई, बाहेर लोकं पळून राहिले. दवाखाना बंद करून राहिलो आम्ही. तू टेन्शन नको घेऊ, नंतर बोलते." मागे कोणीतरी बाई ओरडत होती. त्यानंतर काही नाही. मी लावला तर फोन बंद, दवाखान्याचा बंद, तिच्या मैत्रिणीचा बंद. संध्याकाळी कळलं की बाहेरून हत्यारबंद माणसं गावात घुसली आहेत, बाजार जाळला आहे, टॉवर पाडला आहे. ती माणसं कोण, कुठली, नीट कोणालाच ठाऊक नव्हतं. तिथून पुढं तो निरोप मी किती वेळा ऐकला ते विचारू नका. 'टेन्शन नको घेऊ' म्हणताना तिचा आवाज कापतो का, हेच मी ऐकत असे. कधी वाटे कापतो, कधी वाटे नाही.

आता योगायोग म्हणा की आणखी काही, पण त्याच गावच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, त्या वेळी आमच्याच घरी उतरले होते. आमच्या मंडळीनं त्यांना बोलावलं होतं, मुसलमान शेजाऱ्यांमध्ये राहून ते काम कसं करतात हे समजून घ्यायला. त्यांच्या भाषेत पाळकाला मचुंगाजी म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना तेच म्हणू लागलो. उंच, सावकाश बोलणारे, पन्नाशीचे गृहस्थ. वरणभात आवडीनं खायचे, आणि सकाळी अंगणात येरझारा घालत मोठ्यानं गात प्रार्थना करायचे. आम्ही डोक्यावर पदर घेऊन, खाली बसून, हळू आवाजात देवाशी बोलणारी माणसं. मला वाटायचं, गल्ली काय म्हणेल? त्यांना वाटत असावं, ही बाई देवाशी कुजबुजते काहून?

गोंधळाची बातमी येण्याच्या आदल्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्याशी बोलायला आम्ही सगळे बसलो होतो. आमच्याकडं मराठी उपासना महिन्यातून एकदाच असते, म्हणून गर्दी बरी होती. मचुंगाजींनी करुणाच्या पहिल्या नाताळाची गोष्ट सांगितली. तिनं मोठ्या हौसेनं सगळ्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. दवाखान्याच्या ख्रिस्ती चौकीदारानं बकरा कापला, आणि तिनं मी इथून दिलेला मसाला घालून आपल्या वऱ्हाडी पद्धतीचा रस्सा केला. शेजारी आले, पांढरेशुभ्र लांब अंगरखे घालून, लेकराबाळांसकट. चटईवर बसले, पाणी प्यायले, दुवा दिली, आम्ही जेवून आलो म्हणाले आणि हसतमुखानं परत गेले. ताटं तशीच. पोरगी रात्रभर रडली. तिला वाटलं तिखट जास्त झालं! मूळच्या विदर्भातल्या घरच्या पोरीला दुसरं काय वाटणार? शेवटी तिथल्याच एका ख्रिस्ती बाईनं तिला सांगितलं की अगं, आपल्याकडं सणाचा बकरा आपण कापत नाही, तो शेजारच्या हमीसीबाबाच्या दारात नेतो. हा हमीसी म्हणजे गावातला म्हातारा, मशिदीत बांग देणारा. त्याच्या हातानं, त्याच्या देवाचं नाव घेऊन बकरा कापला की मग त्यांना तो चालतो, आणि सगळं गाव एका पातेल्यातलं जेवतं. आजोबांच्या काळापासून तिथं असंच आहे. पुढच्या नाताळाला करुणानं तसंच केलं. हमीसीबाबानं रस्सा खाल्ला, नाकाडोळ्यातून पाणी आलं, पुन्हा पुन्हा पाणी मागितलं आणि पुन्हा पुन्हा रस्साही.

लोक हसले, पण सगळे नाही. मंडळीतले एक वयस्क सभासद उठून म्हणाले, "म्हणजे आपल्या प्रभूच्या सणाचं मटण दुसऱ्याच्या हातचं? काहून? तुमच्यात बकरा कापणारं कोणी नाही का?" आमच्या पाळकांनी ते त्यांना इंग्रजीत सांगितलं. मचुंगाजी शांतपणे म्हणाले, "कापणारे पुष्कळ आहेत. पण मग जेवायला कोणी उरत नाही." मलाही ते काही पटलं नव्हतं. मी तिथंच उभी राहून म्हटलं की उद्या ते म्हणतील प्रार्थनाही आमच्या पद्धतीनं करा, मग काय करणार? ते म्हणाले, "दीदी, ते असं कधीच म्हणाले नाहीत. आम्ही त्यांना जेवायला बोलावतो, ते आम्हाला बोलावतात. कोणी कोणाचा देव मागत नाही." मी खाली बसले, पण मान डोलावली नाही. आमच्या घरी मटणाला कोणाचं नाव लागत नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी ते सगळं घडलं, आणि एका छपराखाली दोन भ्यालेली माणसं उरली. त्यांची म्हातारी आई त्याच गावात होती. त्यांनाही काही कळत नव्हतं. मी कूलर बंद केला तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि घाम पुसत राहिले. संध्याकाळी म्हणाले, आपण मिळून प्रार्थना करू. मी म्हटलं, मला येत नाही, तुम्ही करा, मी आमेन म्हणते. माझं इंग्रजी शाळेपुरतं, त्यांचं हिंदी 'दीदी' आणि 'पानी'पुरतं, पण प्रार्थनेत नावं तेवढी कळतात. ते उभे राहिले, हात वर केले, आणि पहिलं नाव घेतलं ते हमीसीचं. मग त्याच्या बायकोचं. मग आणखी कोणाकोणाची नावं, अली, फातिमा, जुमा. मी वाट बघते आहे की आता करुणा येईल, आता येईल. ते आपले एकेक मुसलमानाचं घर घेत चालले आहेत, गल्लीतून दारं वाजवत गेल्यासारखे. स्वतःच्या आईचंही नाव नाही.

माझा संताप अनावर झाला. प्रार्थना चालू असताना कोणाला अडवावं असं मी आयुष्यात केलं नव्हतं, पण मी ओरडले, "आधी माझ्या पोरीचं नाव घ्या! त्यांना त्यांचा देव बघून घेईल!" ते थांबले. रागावले नाहीत. माझ्याजवळ खाली जमिनीवर बसले, पहिल्यांदाच, आमच्यासारखे. आणि सावकाश, मला कळावं अशा सोप्या शब्दांत म्हणाले, "दीदी, दवाखाना जळला असेल. चर्च जळलं असेल. आपल्या लोकांची घरं ती माणसं आधी शोधतील. मग तुमची मुलगी कुठं असेल? माझी आई कुठं असेल? असतील तर त्यांच्याच कोणाच्या घरात असतील. त्यांचं घर उभं राहिलं तर त्या वाचतील. म्हणून मी आधी त्यांच्या घरासाठी मागतो."

मला तेव्हा त्यात आधार वाटला असं खोटं लिहिणार नाही. उलट पाचावर धारण बसली. म्हणजे माझ्या लेकीचा जीव आता अशा माणसाच्या हातात, ज्याला मी पाहिलेलं नाही, ज्याची भाषा मला येत नाही, ज्याच्या हातच्या बकऱ्यावरून मी भर मंडळीत वाद घातला होता. त्यानं दार उघडलं असेल का? का उघडावं? दुसऱ्याची पोरगी घरात घेऊन स्वतःची लेकरं कोण धोक्यात घालतं? मी स्वतःला विचारलं की तू उघडलं असतंस का, आणि उत्तर ऐकायच्या आत उठून स्वयंपाकघरात गेले. पण झोपण्यापूर्वी, किती तरी वेळानंतर, माझ्या तोंडून प्रार्थनेचा पहिला शब्द निघाला तो असा: देवा, त्या म्हाताऱ्याचं दार. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मचुंगाजी शहरातच तेलीबांध्याला गेले. तिकडं त्यांच्या देशातून शिकायला आलेली काही मुलं राहतात, त्यांना काही कळलं आहे का बघायला. मी एकटी. दुपारी समोरच्या घरातली नजमाभाभी आली. तीस वर्षांपासूनची शेजारीण, तिचा नवरा सलीमभाई माझ्या नवऱ्याबरोबर रेल्वेतच होता. तिला मी काही सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला कुठलाच सलाम ऐकवत नव्हता, तिचाही नाही. ती दारातूनच म्हणाली, "दीदी, बिजली तो है, फिर कूलर काहे बंद है? कल से देख रही हूँ. तबीयत ठीक है ना?" आणि उत्तराची वाट न बघता आत आली, माठातलं पाणी काढून माझ्या हातात दिलं. मी ते पाणी प्यायले आणि मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

आणि फोन वाजला. परदेशी नंबर, ओळखीचा नाही. मी कानाला लावला. वारा, माणसांचा कलकलाट, आणि एका पुरुषाचा घोगरा आवाज. आधी काहीतरी लांबलचक, त्यात एकच शब्द मला ओळखू आला, करुणा. कोणी परका पुरुष माझ्या मुलीचं नाव घेतो आहे, म्हणजे ती त्यांच्या ताब्यात आहे, असंच माझ्या मनात आलं. पुढचं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मी फोन बंद करायला अंगठा पुढं केला होता. एका क्षणाचा फरक होता. तेवढ्यात तो आवाज म्हणाला, "आई? आई?"

मी नजमाकडं बघितलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, डोक्यावरची ओढणी सारखी केली, समोर कोणी वडीलधारं बसलं असावं तशी, आणि म्हणाली, "अस्सलामु अलैकुम, बाबा." पलीकडचा आवाज एकदम थांबला. मग त्यानं असा भरभरून सलाम परत केला की मला बाजूला बसूनही ऐकू आला. त्याची भाषा हिला येत नव्हती, हिची त्याला. पण तो म्हातारा हुशार होता, त्यानं लांब वाक्यं सोडली आणि एकेक शब्द ठेवू लागला, लहान मुलापुढं घास ठेवावा तसा. "करुणा... सलामा. सलामा." नजमा ओरडली, "सलामत! दीदी, सलामत बोल रहे हैं!" पुन्हा आवाज आला, "करुणा... चाई. चपाती." चाई, चपाती! अहो, हे तर मलाही कळलं. माझी पोरगी चहा पिते आहे, चपाती खाते आहे. कोणाच्या तरी घरात बसून. नजमा म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह," तिकडून तोही म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह," आणि मी, आयुष्यभर मराठीत उपकारस्तुती केलेली बाई, त्या दोघांच्या मागोमाग "आमेन, आमेन" म्हणत राहिले. मग फोन कटला. नजमा उठली आणि तिनं कूलर चालू केला.

पण भीती तेवढ्यावर जात नाही. थोड्या वेळानं मन पुन्हा उलटं फिरलं. खरंच असेल का? आता असेल, उद्या? त्या नंबरवर लावला तर लागत नव्हता. मचुंगाजी परत आले, त्यांना सांगितलं, तेव्हा ते भिंतीला टेकून उभे राहिले. फोनवरच्या माणसानं माझ्या आईबद्दल काही सांगितलं का, असं त्यांनी विचारलं. नव्हतं सांगितलं. मी नाही म्हटलं. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा प्रार्थनेला बसलो, आणि या वेळी मी स्वतः सुरुवात केली. करुणाचं नाव जिभेवर आलं होतं, ते मी मागं ठेवलं. आधी हमीसीबाबाचं घर. मग मचुंगाजींची आई. करुणा सगळ्यात शेवटी. आईला हे किती अवघड जातं ते आईलाच ठाऊक.

पुढं काही दिवसांनी करुणा स्वतः बोलली. गावात सैन्य आलं होतं, फोन सुरू झाले होते. तिनं सांगितलं ते असं. गोंधळ सुरू झाला तेव्हा हमीसीबाबा स्वतः दवाखान्यावर आला आणि तिला, मचुंगाजींच्या आईला आणि दोन बाळंतिणींना आपल्या घरी घेऊन गेला. मागच्या खोलीत, बायकांच्या खोलीत. हत्यारबंद माणसं दारात आली तेव्हा म्हातारा उंबऱ्यावर बसून राहिला, म्हणाला आत माझ्या घरच्या बायका आहेत. ती माणसं पुढं गेली. टॉवर पडलेला, म्हणून माझा नंबर करुणानं त्याला म्हणून दाखवला. ज्यानं अख्खं कुराण पाठ केलं आहे त्याला एक नंबर काय जड? तो होडीनं पलीकडच्या बेटावर गेला आणि तिथून कोणाच्या तरी फोनवरून बोलला. मला आई म्हणाला, कारण करुणा फोनवर मला तसंच म्हणते हे त्यानं रोज ऐकलेलं. त्याला ते माझं नावच वाटायचं.

मी म्हटलं, त्यांना सांग, या आईचा आशीर्वाद आहे. करुणा म्हणाली, "आई, त्यांचा धाकटा भाऊ गोंधळाच्याच दिवशी गेला गं. बाजारात. मातीही धड झाली नव्हती, आणि बाबा होडीत बसले. मी नको म्हणून राहिली होती, त्यांनी ऐकलंच नाही. म्हणे, तिकडं एक आई उपाशी बसली असेल."

मी फोन ठेवला. इकडं मी आमेन, आमेन म्हणत होते तेव्हा तिकडं तो माणूस भावाचं दुःख गिळून मला चहा-चपाती सांगत होता. देवानं माझ्या हाकेला उत्तर दिलं असं मी म्हणते, पण ते उत्तर ज्यानं पोचवलं त्याच्या पदरात त्या दिवशी काय होतं? याचा हिशेब मला लागत नाही, आणि मी लावायला जातही नाही. मी फक्त नतमस्तक होते.

उपकारस्तुतीचं जेवण करायचं ठरलं. कोंबड्या जिवंतच आणल्या. सकाळी मी त्या पिशवीत घातल्या आणि समोरच्या घराचं दार वाजवलं. सलीमभाईंना म्हटलं, भैया, या तुमच्या हातानं कापून द्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नजमाकडं. "हव दीदी," म्हणाले, आणि दुसरं काही न विचारता वजूला, हातपाय-तोंड धुवायला, आत गेले. संध्याकाळी दोघं जेवायला बसली, माझ्या घरात, मंडळीच्या माणसांबरोबर. रविवारी उठून बोललेले ते वयस्क सभासदही होते. त्यांनी वाढलेल्या ताटाकडं थोडा वेळ बघितलं, आणि मग मचुंगाजींच्या शेजारी बसून जेवले. आणि नजमाला वाढताना माझ्या लक्षात आलं की तीस वर्षांत ती या घरात चहा प्यायली आहे, नाताळाची करंजी खाल्ली आहे, पण जेवली कधीच नाही. मी समजत होते की बाई लाजाळू आहे. ती म्हणाली, "तिखट है दीदी," आणि वाटी पुढं केली.

करुणा परत आली नाही. तिनं सांगितलं, "आई, मी आत्ता येऊ नाही राहिली. दवाखाना पुन्हा उघडायचा आहे, हमीसीबाबाच्याच ओसरीवर." मी रडले, भांडले, मग हो म्हटलं. भीती गेली असं कोणी समजू नये. फोन वाजला की अजूनही काळजाचा ठोका चुकतो. पण आता तिला देवाच्या हाती देणं म्हणजे काय, ते मला थोडं कळलं आहे. देवाचा हात कुठल्या घरातून पुढं येईल हे मी ठरवायचं नाही, एवढंच ते आहे. रोज संध्याकाळी मी खाली बसते, डोक्यावर पदर घेते आणि हमीसीबाबाच्या घरापासून सुरुवात करते. मग त्याच्या गेलेल्या भावाची बायको, लेकरं. मग शेजारची घरं, मचुंगाजींनी शिकवली तशी एकेक. मग समोरचं नजमाचं घर. करुणाचं नाव शेवटी येतं. आणि तिच्या नावापर्यंत मी पोचते तेव्हा मला वाटतं, ती आधीच त्यांच्यातल्या कोणाच्या तरी घरात बसून जेवते आहे.